एका पेटीत दोन हार्ड डिस्क : संगणक सुरू होईना तेव्हा काय पाहावे

एका द्विशिक्षकी शाळेत सोमवारी परिपाठ आटोपल्यावर संगणक सुरू करण्यात आला, तेव्हा पडद्यावर नेहमीचे चित्र उमटले नाही. काळ्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात ‘ग्रब रेस्क्यू’ एवढे दोनच शब्द आणि त्यांच्यापुढे लुकलुकणारी एक रेघ दिसत होती. कोणतीही कळ दाबली तरी तेच. शाळेत संगणक एकच. त्याच्या पेटीत दोन हार्ड डिस्क बसविलेल्या होत्या. पहिली ५०० जीबीची होती व तीवर विंडोज होते. दुसरी ३२० जीबीची, मागाहून मिळालेली होती व तीवर उबुंटू ही लिनक्स प्रणाली होती. संगणक सुरू करताना कोणती प्रणाली हवी ते निवडावयाचे, अशी सोय होती.

या दुसऱ्या डिस्कवर काय होते, ते सांगितल्याखेरीज प्रसंगाचे गांभीर्य ध्यानात येणार नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरची जुनी पाने ओलीने व वाळवीने हात लावताच तुटू लागली होती. सहशिक्षिकेने दोन उन्हाळी सुट्ट्या खर्चून प्रत्येक पानाचे छायाचित्र घेतले होते आणि नावांची वर्षवार सूची टंकून ठेवली होती. जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या नोंदीचा उतारा मागावयास येणारा ग्रामस्थ ताटकळत बसू नये आणि जीर्ण पाने पुन्हापुन्हा उलटावी लागू नयेत, हा तिचा हेतू. मूळ रजिस्टरचे स्थान ती सूची घेऊ शकत नाही हे खरे; परंतु मध्यंतरीच्या पावसाळ्यात मूळ रजिस्टरची काही पाने नष्ट झाली होती, आणि त्या पानांपुरते तर छायाचित्र एवढेच काय ते उरले होते. त्याची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

तालुक्याच्या गावच्या दुरुस्तीकाराने दूरध्वनीवरूनच निदान केले : विंडोज उडाले आहे, दोन्ही डिस्क फॉरमॅट करून सारे नव्याने घालावे लागेल. मुख्याध्यापकांनी एक दिवस थांबण्याचे ठरविले. तो एक दिवस थांबले म्हणून रजिस्टर वाचले. कारण विंडोजला काहीही झालेले नव्हते, आणि उबुंटूलाही झालेले नव्हते.

हे कसे, ते समजण्यासाठी संगणकाची कळ दाबल्यावर पहिल्या काही क्षणांत काय घडते ते पाहिले पाहिजे. सकाळी शाळा उघडणाऱ्या शिपायाची कल्पना करावी. त्याला शाळेतले काही माहीत नाही. एवढेच माहीत आहे की पहिल्या खोलीच्या दारावर चिठ्ठी लावलेली असते आणि तीत लिहिले असेल तसे करावयाचे. मदरबोर्डवरील बायोस नावाचा छोटासा कार्यक्रम हा तो शिपाई होय. जुन्या पद्धतीच्या संगणकात तो ठरवून दिलेल्या क्रमातील पहिल्या डिस्कचा अगदी आरंभीचा भाग वाचतो. हा भाग अवघा ५१२ बाइटांचा असतो, आणि त्यातील सूचनांसाठी तर ४४६ बाइटच मोकळे असतात. इतक्या जागेत संपूर्ण प्रणाली सुरू करण्याच्या सूचना मावणे अशक्य. म्हणून त्या चिठ्ठीत ‘पुढील सूचना अमुक ठिकाणी पाहाव्यात’ असाच आशय असतो.

या शाळेत उबुंटू बसविताना ‘ग्रब’ नावाचा निवडकार्यक्रम आला. दोन प्रणालींपैकी कोणती हवी हे विचारणारी यादी दाखवितो, तोच हा. त्याची चिठ्ठी लागली पहिल्या डिस्कच्या आरंभी, विंडोजची जुनी चिठ्ठी काढून तिच्या जागी. आणि उरलेला सारा ग्रब राहिला दुसऱ्या डिस्कवर, उबुंटूच्या घरात. अशी ही विभागणी बसविणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, कारण दोन्ही डिस्क शाबूत असेतोपर्यंत सर्व काही सुरळीत चालते. परंतु दुसरी डिस्क दिसेनाशी झाली की चिठ्ठी वाचून शिपाई दुसऱ्या खोलीकडे जातो, खोली सापडत नाही, आणि तो तेथेच उभा राहतो. ‘ग्रब रेस्क्यू’ हे त्याचे उभे राहणे आहे. विंडोज पहिल्या डिस्कवर जसेच्या तसे आहे, पण त्याच्यापर्यंत नेणारी वाट दुसऱ्या डिस्कवरून जाते. एका डिस्कच्या दोषाने दुसरीवरील प्रणाली बंद पडावी, यातील कोडे ते एवढेच.

तेव्हा प्रश्न ‘विंडोज का उडाले’ हा नव्हता. ‘दुसरी डिस्क का दिसत नाही’ हा होता. निदान चुकले की उपचार चुकतो, आणि संगणकाच्या बाबतीत चुकीचा उपचार बहुधा पुसून टाकणारा असतो. असा प्रसंग आल्यास फॉरमॅट, नवी स्थापना, किंवा पडद्यावर आपोआप येणारी ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू काय?’ अशी पृच्छा, यांपैकी कशालाही होकार देऊ नये. लिनक्सने आखलेली डिस्क विंडोजला मुळात वाचताच येत नाही. जे वाचता येत नाही ते रिकामे अथवा बिघडलेले आहे असे ते समजते. तो विंडोजचा अडाणीपणा आहे, डिस्कचा दोष नव्हे.

पहिली पाहणी पेटी न उघडता करावी. संगणक सुरू होताच डिलीट अथवा एफ-२ ही कळ वारंवार दाबली असता बायोसची पाने उघडतात. तेथे जोडलेल्या डिस्कची यादी असते. कोणती डिस्क कोणती हे तिच्या आकारावरून व क्रमांकावरून ओळखावे. दोन्ही नावे दिसत असतील, तर दोष लेखनातला म्हणजे चिठ्ठीतला किंवा क्रमातला आहे. एकच दिसत असेल, तर दोष तारेचा, विजेचा किंवा डिस्कचा आहे. या एका पाहणीने अर्धे निदान होते, आणि तीस काहीही खर्च नाही.

त्या शाळेत यादीत ५०० जीबीची एकच डिस्क दिसली. मग वीजपुरवठ्याची तार काढून घेऊन, सुरू करण्याची कळ एकदा दाबून उरलीसुरली वीज घालवून, पेटीच्या धातूस हात लावून मगच झाकण उघडण्यात आले. प्रत्येक डिस्कला दोन जोडण्या असतात. अरुंद, सात संपर्कांची जोडणी माहितीची; रुंद, पंधरा संपर्कांची जोडणी विजेची. दुसऱ्या डिस्कची माहितीची तार एका बाजूने सुटून तिरपी झाली होती. शनिवारी सफाईसाठी टेबल भिंतीपासून ओढण्यात आले होते, आणि या तारेच्या टोकास पकड ठेवणारी धातूची पट्टी नव्हती. तार सरळ करून घट्ट बसविताच निवडीची यादी पूर्ववत् पडद्यावर आली. दुरुस्ती झाली ती एवढीच.

सर्वच वेळी इतक्या स्वस्तात सुटका होत नाही. तार घट्ट असूनही डिस्क दिसत नसेल, तर दोन्ही डिस्कच्या माहितीच्या तारा आपसात बदलून पाहाव्यात. दोष तारेबरोबर सरकला तर तार वाईट, डिस्कबरोबर राहिला तर डिस्क वा तिचा वीजपुरवठा संशयित. विजेविषयी एक खूण मोलाची आहे. सकाळी थंड संगणक सुरू करताना एक डिस्क दिसत नाही, पण लगेच पुन्हा सुरू केला की दिसते, असे वारंवार होत असेल तर वीजपुरवठ्याची पेटी दुबळी झाली असण्याचा संभव फार. साडेतीन इंची डिस्कची चकती स्थिर अवस्थेतून फिरू लागताना १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या जवळपास विद्युत्प्रवाह ओढू शकते. एका डिस्कसाठी पुरणारी जुनी पेटी दोन चकत्या एकदम फिरविताना कमी पडते. आणि डिस्कमधून टक् टक् असा ठरावीक आवाज येत असेल, तर संगणक तत्काळ बंद करावा. अशा वेळी ‘आणखी एकदा करून पाहू’ ही वृत्ती घातक होय. उरलेली माहिती प्रत्येक प्रयत्नागणिक कमी होत जाते.

दोन्ही डिस्क यादीत दिसत असूनही संगणक सुरू न झाल्यास प्रथम क्रम पाहावा. मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टची एक बॅटरी असते. बाजारात ती सीआर २०३२ या नावाने मिळते. दोन सुट्ट्यांमध्ये संगणक बंद राहिला व ही बॅटरी संपली, की बायोसला आपण ठरवून दिलेले काही आठवत नाही. डिस्कचा क्रम मूळपदावर जातो आणि उबुंटू ‘नाहीसे’ होते, किंवा विंडोज अर्धवट सुरू होऊन निळ्या पडद्यावर आपटते, कारण डिस्कशी बोलण्याची पद्धतही बायोसमध्येच नोंदलेली असते व तीही बदललेली असते. घड्याळात जुने वर्ष दिसणे ही त्याची खूण. बॅटरी बदलून, क्रम व पद्धत पूर्वीप्रमाणे लावून काम भागते. यासाठी संगणक नीट चालू असतानाच बायोसच्या पानांची भ्रमणध्वनीवर छायाचित्रे घेऊन ठेवावीत. बिघाड झाल्यावर पूर्वी काय होते हे कोणासही आठवत नाही.

कशाचाही उलगडा होत नसेल तेव्हा उबुंटूचा पेनड्राइव्ह उपयोगी पडतो. त्यावरून संगणक सुरू करून ‘स्थापना’ न निवडता ‘वापरून पाहा’ हा पर्याय घेतला, तर डिस्कवर काहीही न लिहिता संपूर्ण प्रणाली चालते आणि दोन्ही डिस्कमधील कागदपत्रे पाहता येतात. पहिले काम माहिती बाहेर काढण्याचे, दुरुस्ती त्यानंतर. त्यातीलच ‘डिस्क्स’ या कार्यक्रमात डिस्कची प्रकृतिनोंद दिसते. निकामी होऊन बदललेल्या कप्प्यांची संख्या तीत असते. ती संख्या महिन्यागणिक वाढत असेल तर त्या डिस्कवर विसंबू नये.

आता त्या शाळेत पुढे जे केले ते अधिक महत्त्वाचे. छायाचित्रे व सूची त्याच संध्याकाळी दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर उतरविण्यात आली. एक शाळेत, एक केंद्रशाळेत. मग एका डिस्कने दुसरीस अडवू नये, यासाठी प्रत्येक डिस्कवर तिची स्वतःची चिठ्ठी लावण्याचे ठरले. यात क्रमाला महत्त्व आहे. आधी उबुंटू चालू असतानाच ‘ग्रब-पीसी’ या भागाची पुनर्रचना करण्याची आज्ञा देण्यात आली. तेव्हा ग्रबची चिठ्ठी कोणकोणत्या डिस्कवर लावावयाची हे विचारणारी यादी येते. तीत ३२० जीबीच्या डिस्कपुढे खूण करून ५०० जीबीच्या डिस्कपुढील खूण काढण्यात आली. केवळ नवी चिठ्ठी लावून ही यादी तशीच ठेवली, तर पुढच्या अद्ययावतीकरणात ग्रब पुन्हा पहिल्या डिस्कवर जाऊन बसतो आणि केलेले काम वाया जाते. यादीत डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावे असतात, परंतु तार बदलली की ही नावेही बदलू शकतात. म्हणून नावावर न जाता आकारावर जावे.

त्यानंतर पहिली डिस्क सोडवून केवळ दुसरीवर उबुंटू सुरू होते याची खात्री करण्यात आली. ती पटल्यावरच दुसरी डिस्क सोडवून, पहिली जोडून, विंडोजच्या स्थापना-पेनड्राइव्हमधील दुरुस्तीच्या भागात जाऊन आज्ञापटलावर ‘बूटरेक’ ही आज्ञा ‘फिक्सएमबीआर’ या पर्यायासह देण्यात आली. तिने डिस्कच्या आरंभीची चिठ्ठी तेवढी विंडोजची होते. कागदपत्रांस धक्का लागत नाही. हाच क्रम उलटा केला असता, म्हणजे विंडोजची चिठ्ठी आधी लावली असती, तर उबुंटूपर्यंत जाण्याची एकमेव वाट आपल्याच हाताने पुसली गेली असती. ती पुन्हा काढता येते, पण खटपट पुष्कळ. काम चालू असता नको असलेली डिस्क तारेसह सोडवून ठेवणे, ही यातील सर्वांत भरवशाची खबरदारी होय. जी डिस्क जोडलेलीच नाही ती चुकूनही पुसली जात नाही.

शेवटी बायोसमध्ये दुसरी डिस्क प्रथम व पहिली डिस्क नंतर असा क्रम लावण्यात आला. रोज ग्रबची यादी येते. दुसरी डिस्क एखाद्या दिवशी नाहीशी झालीच, तर बायोस पुढील डिस्ककडे वळतो आणि विंडोज सुरू होते. ग्रबच्या यादीत विंडोजचे नाव येत नाही, अशी तक्रार मात्र अलीकडे बऱ्याच ठिकाणी आढळते. ग्रबच्या २०२१ मधील २.०६ या आवृत्तीपासून इतर प्रणालींचा शोध घेणे मुळात बंद ठेवलेले असते. ग्रबच्या मांडणीच्या फाइलीत तो शोध चालू करून यादी नव्याने करविली की नाव दिसू लागते. तोपर्यंत संगणक सुरू होताना एफ-१२, एफ-११, एफ-८, एफ-९ किंवा एस्केप यांपैकी त्या बनावटीची जी कळ असेल ती दाबून डिस्क थेट निवडता येते.

नव्या संगणकांत बायोसच्या जागी यूईएफआय ही पद्धत आहे. तेथे ५१२ बाइटांची चिठ्ठी जाऊन डिस्कवर एक छोटा स्वतंत्र विभाग असतो व त्यात प्रत्येक प्रणालीचा आरंभकार्यक्रम फाइलीच्या रूपाने राहतो. जागा ऐसपैस झाली, पण जुनी खोड गेली नाही. एका डिस्कवर असा विभाग आधीच असेल, तर दुसऱ्या डिस्कवर स्थापना करतानाही आरंभकार्यक्रम त्या पहिल्याच विभागात टाकला जाण्याचा संभव असतो. विंडोजही हे करते, उबुंटूही करते. म्हणून स्थापनेच्या वेळी दुसरी डिस्क सोडवून ठेवण्याचा नियम येथेही तितकाच लागू आहे. दोन्ही प्रणाली एकाच पद्धतीने बसविलेल्या असाव्यात. एक जुन्या व एक नव्या पद्धतीने असल्यास ग्रबच्या यादीतून दुसरीकडे जाता येत नाही. तसेच नव्या संगणकावर बिटलॉकर चालू असल्यास मांडणीत बदल होताच तो ४८ अंकी किल्ली मागतो. ती किल्ली आधी कागदावर उतरवून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवली नसेल, तर मांडणीस हात लावू नये.

दोन किरकोळ तक्रारी उरल्या. पहिली : उबुंटूतून विंडोजच्या डिस्कवरील निकालपत्रक उघडते, पण त्यात केलेला बदल जतन होत नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘जलद आरंभ’ ही सोय आली. तीमुळे बंद केलेले विंडोज पुरते बंद होत नाही; आपले काही काम अर्धवट टिपून ते झोपी जाते. अशा वेळी उबुंटू त्या डिस्कवर लिहिण्याचे नाकारते, व ते योग्यच आहे. बळेच लिहिल्यास फाइली बिघडतात. विंडोजच्या वीजविषयक पर्यायांत जाऊन ही सोय कायमची बंद करावी. दुसरी : उबुंटू वापरून विंडोजमध्ये आले की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडलेले दिसते. मदरबोर्डवरील घड्याळ उबुंटू जागतिक प्रमाणवेळेवर ठेवते आणि विंडोज त्यालाच भारतीय वेळ समजते. म्हणून सकाळी अकराला साडेपाच वाजलेले दिसतात. यात बॅटरीचा दोष नाही. ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेने उबुंटूस स्थानिक वेळ पाळावयास सांगितले की दोघांचे जमते. भूगोलाच्या तासाला रेखावृत्ते व प्रमाणवेळ शिकविताना मुलांना हा फरक पडद्यावर दाखविता येईल.

विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने, जे जुने संगणक विंडोज ११ पेलू शकत नाहीत त्यांत दुसरी डिस्क घालून लिनक्स बसविण्याकडे अनेक शाळांचा कल होणे स्वाभाविक आहे. असे करताना प्रत्येक डिस्कवर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर प्रणालीचे नाव व स्थापनेची तारीख लिहावी, आणि जडवस्तू नोंदवहीत डिस्कचा आकार व क्रमांक स्वतंत्र ओळीत नोंदवावा. संगणक ‘एक नग’ एवढीच नोंद असली म्हणजे दुरुस्तीस गेलेल्या पेटीतून कोणती डिस्क परत आली, हे ताडून पाहण्यास काही साधन उरत नाही. निकामी झालेली डिस्क दुरुस्तीकाराकडे ठेवून येऊ नये. तीवर मुलांची नावे, जन्मतारखा व जातीच्या नोंदी असतात. रीतसर निर्लेखन होईपर्यंत ती शाळेच्या कपाटातच राहावी.